प्रयागताईंना हार्ट होतं

गेल्या महिन्यात दाढ काढायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं नाव, वय, पत्ता लिहून घेतला आणि मान वर न करता विचारलं, "काकू, शुगर आहे? बीपी आहे? हार्ट आहे?"

मी तिन्हींना नाही म्हटलं. तिनं तीन फुल्या मारल्या आणि मला आत पाठवलं. इंजेक्शननं गाल बधिर होईपर्यंत त्या आडव्या खुर्चीत पडून मी प्रयागताईंचा विचार करत होते.

हार्ट तसं सगळ्यांनाच असतं. पण आमच्याकडं 'त्यांना हार्ट आहे' म्हटलं की ऐकणारा लगेच आवाज खाली आणतो. झटका आला तर 'अटॅक आला', माणूस गेला तर पेपरात 'हृदयविकाराच्या तीव्र धक्क्यानं', आणि खेड्यातल्या बायका 'काळीज कच्चं हाय' म्हणून मोकळ्या होतात. मी मराठी शिकवते, त्यामुळं मला पूर्वी या बोलण्याचं हसू यायचं. नवी होते तेव्हा एकदा स्टाफरूममध्ये मी तसं म्हणालेही होते. प्रयागताई खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हा लोकांना असतं, पण ते असल्याचं कळत नाही. मला चोवीस तास कळतं, मंगल. एवढाच फरक."

प्रयाग औताडे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. मी सव्वीस वर्षांची असताना तिथं लागले, तेव्हा त्या चौतिशीच्या असतील. पहिल्याच दिवशी जिन्याच्या मधल्या वळणावर त्या मला कठड्याला धरून उभ्या दिसल्या. पांढरी सुती साडी, बारीक हिरवा काठ, हातात ड्रॉइंग पेपरची गुंडाळी.

"दम लागला का?" मी विचारलं.

"नाही. लागू नये म्हणून थांबलेय," त्या म्हणाल्या. "वीस आकडे मोजते. तू हो पुढं."

मी पुढं गेले नाही, थांबले. त्यांनी खरंच वीस आकडे मोजले आणि मग आम्ही वर गेलो. पुढची बावीस वर्षं त्या जिन्यावर मी त्यांच्याबरोबर किती वीस मोजले असतील, देव जाणे.

त्यांचं सगळं चालणंबोलणं असं मोजलेलं होतं. मोठ्यानं हसू आलं की पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या ते मधेच थांबवायच्या. भरलेली पिशवी कधी उचलली नाही. क्रीडादिनाला त्यांच्या हातात शिट्टी नसायची, झेंडी असायची. प्रजासत्ताक दिनाची रांगोळी त्या चार तास बसून काढत, आणि सबंध पटांगणात सरकायचं ते बसूनच. एखादी पोर जिन्यावरून धावत आली तर म्हणायच्या, "हळू गं. कुठं आग लागलीय?" आणि रागवायच्या कधीच नाहीत. मुली रंगाचं पाणी बाकावर सांडत, एकमेकींच्या वेण्यांना ब्रश पुसत, तरी बाई शांत. मला त्याचं कौतुक वाटायचं. एकदा तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "स्वभाव नाही गं. मला रागावून चालत नाही."

फेब्रुवारीत मुली वहीच्या मागच्या पानांवर लाल बदाम काढत. ते सापडलं की बाकीच्या शिक्षिका वही जप्त करायच्या. प्रयागताई त्याच पानावर बदामाशेजारी खरं हृदय काढून द्यायच्या. "हे एवढं असतं, आपल्या मुठीएवढं. जरा डावीकडं कललेलं. आणि लालभडक नसतं, वरून पिवळट चरबी असते." असं म्हणत त्या शिरा काढायच्या, सावली द्यायच्या. पोरींचा बदामातला रस संपायचा. त्यांना स्वतःला ते चित्र इतकं सरावाचं झालं होतं की बोलता बोलता, न बघता काढत.

त्यांच्या दुखण्याची हकिगत मला त्यांनीच सांगितली, आणि एकदा नाही, बरेचदा. पण सांगताना त्या दुखण्याबद्दल कमी बोलत, दादाबद्दल जास्त.

सिल्लोडकडचं त्यांचं गाव. घरची शेती. थोरला भाऊ भगवान शिकून चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला आणि मुकुंदवाडीत घर करून आईला आणि बहिणीला घेऊन आला. प्रयागताई वीस वर्षांच्या असताना चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला नाव घातलं. त्यासाठी डॉक्टरी दाखला लागायचा. तपासणाऱ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, आणि म्हणाले, ठोक्यांत जास्तीचा आवाज आहे, हृदयाला छिद्र असू शकतं, मोठ्या ठिकाणी दाखवा. त्याच वेळी सिल्लोडच्या एका मास्तरांचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलीला हार्ट आहे हे त्यांच्या कानावर गेलं आणि ते परस्पर मागं सरले.

मग दादानं त्यांना पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा नवं असलेलं सोनोग्राफीसारखं काहीतरी केलं. नंतर ते म्हणाले, तुम्ही बाहेर बसा, भावाला आत पाठवा.

"मी बाकावर बसले होते," प्रयागताई सांगायच्या. "दादा लई वेळानं बाहेर आला. चष्मा पुसत होता. काहीच बोलला नाही. मला मोसंबीचा रस पाजला. जिना उतरताना पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाला, प्रयाग, आता जपून राहायचं. औषध काही नाही. जपणं हेच औषध. त्या दिवसापासून दादानं मला एक घागर उचलू दिली नाही बघ."

हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. नवऱ्याबद्दल बोलणाऱ्या बायका मी पुष्कळ ऐकल्या आहेत. भावाबद्दल इतक्या कृतज्ञतेनं बोलणारी बाई दुसरी पाहिली नाही.

आमच्या शाळेची सहल दरवर्षी अजिंठ्याला जायची. ताई दरवर्षी बरोबर असत आणि दरवर्षी फर्दापूरला उतरून राहत. तिथं एका चहाच्या हॉटेलात त्यांची खुर्ची ठरलेली होती. लेणीच्या पायऱ्या त्यांना चालणार नाहीत, असं दादानं पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. पण घाट उतरेपर्यंत बसमध्ये त्या पोरींना लेणी शिकवायच्या. जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन, कुठल्या लेणीत शिरल्यावर कुठल्या हाताला बघायचं, अंधारात डोळे स्थिर होईपर्यंत किती वेळ थांबायचं, कमळ धरलेल्या बोटांचा बाक कसा आहे, सगळं. आत गेल्यावर आमच्या मुली गाइडच्या आधी बोट दाखवत. एका गाइडनं मला विचारलं होतं, "यांना कोणी शिकवलं?" मी म्हणाले, आमच्या बाईंनी. "कुठंयत बाई?" मी खाली फर्दापूरकडं हात केला.

चित्रकलेची शिक्षिका, जन्म इथला, आणि अजिंठा पाहिलेला नाही. हे विचित्र आहे असं तेव्हा आम्हाला कुणालाच वाटलं नाही. बाईंना हार्ट आहे, एवढं कारण सगळ्याला पुरायचं.

मलाही ते पुरलं. शाळेत पर्यवेक्षिकेची जागा रिकामी झाली तेव्हा सेवाज्येष्ठतेत ताई माझ्या पुढं होत्या. मुख्याध्यापिकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "औताडे बाईंना झेपेल का हो? तुम्ही त्यांच्या जवळच्या." मी म्हणाले, "तीन मजले दिवसातून दहा वेळा चढायचे. त्यांच्या हार्टला ते…" वाक्य मी पुरं केलं नाही. करावं लागलं नाही. जागा मला मिळाली. पेढे पहिल्यांदा मी ताईंनाच दिले आणि त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

त्या छप्पन्न वर्षांच्या असताना त्यांच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करायचं ठरलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगितलं. दादा त्या आठवड्यात गावाकडं गेले होते, म्हणून ताई मला म्हणाल्या, "तू येशील का बरोबर?"

डॉक्टर तरुण होता, पस्तिशीचा असेल. ताईंनी बसता बसताच सांगितलं, "मला हार्ट आहे."

"म्हणजे नेमकं काय आहे?" त्यानं विचारलं.

"हार्ट," ताई म्हणाल्या.

तो हसला नाही. खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "मावशी, हृदयविकार हे एका आजाराचं नाव नाही. हृदयाला रक्त पुरवणारी नळी चोंदते, तो एक. झडप खराब होते, तो दुसरा. स्नायू कमजोर होतो, ठोके चुकतात, जन्मापासून भोक असतं, हे सगळे वेगवेगळे. सगळ्यांना हृदयविकारच म्हणतात. यातलं तुम्हाला कुठलं सांगितलंय?"

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. छत्तीस वर्षं ज्या दुखण्याबरोबर त्या राहिल्या, त्याचं नाव त्यांना सांगता येईना.

"दादाला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कागद काही? जुना रिपोर्ट?"

"पुण्याचा. दादाकडं असेल."

"औषध कुठलं चालू आहे?"

"औषध नाही. जपायचं, एवढंच."

"इतक्या वर्षांत कुणी पुन्हा तपासलं नाही?"

"नळी लावतात की. आवाज येतो म्हणतात."

त्यानंही नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "आवाज आहे खरा. चला, इको करू."

मी आत होते. ताई डाव्या कुशीवर झोपल्या होत्या, छातीवर ते गार जेल. पडद्यावर राखाडी रंगात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. डॉक्टरनं पडदा त्यांच्या बाजूला वळवला. जे चित्र त्या मुलींच्या वह्यांत न बघता काढत, ते पहिल्यांदाच त्यांच्यासमोर हलत होतं. त्या पापणी न लववता बघत राहिल्या.

"ही झडप. ही दुसरी. चारही छान आहेत," डॉक्टर म्हणाला. "मधला पडदा अखंड आहे. पंपिंग तर माझ्यापेक्षा चांगलं. मावशी, तुमचं हृदय अगदी उत्तम आहे."

"मग आवाज?"

"एखाद्या नळातून पाणी येताना आवाज येतो. नळ बिघडलेला नसतो. काही माणसांचं तसं असतं, जन्मभर. त्यानं काही होत नाही."

"छिद्राची शंका होती, ते बुजलं असेल," ताई हळूच म्हणाल्या. मला वाटतं, तोवर त्या दादाला वाचवायला बघत होत्या.

"बुजलेलं काही दिसत नाही. आणि ज्यांनी पुण्यात इको केला असेल त्यांनाही हेच दिसलं असणार. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, बरं झालं की." त्यांनी मान हलवली. हातातला कागद उलगडून त्याची पुन्हा घडी केली.

"म्हणजे मी बरी आहे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "कधीपासून?"

दादा गावाहून आले त्या दिवशी शाळा सुटल्यावर ताई मला मुकुंदवाडीच्या घरी घेऊन गेल्या. मला जायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "एकटीला बोलता येणार नाही. मला सवय नाही."

भगवानदादा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. सत्तरीकडं झुकलेला, सरळ, कुणाला उणा शब्द न बोलणारा माणूस. मला बघून उठले, खुर्ची दिली. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. ताई बसल्या नाहीत.

"दादा, पुण्याच्या डॉक्टरनं तुला काय सांगितलं व्हतं?"

घरी त्या गावाकडचं बोलत, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"कवाचं विचारायलीस?"

"छत्तीस वर्षाखालचं."

"आज काहून?"

ताईंनी रिपोर्ट त्यांच्या पेपरवर ठेवला. "परवा काढला इथं. काईच नाय म्हणले. तवाबी काई नसंल म्हणले."

दादांनी रिपोर्ट वाचला. त्यातलं त्यांना किती कळलं कुणास ठाऊक, पण शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "चांगलंच झालं की मग. आता आपरेशनला अडचण नाय."

"तुला माहीत व्हतं?"

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, तिचा भोंगा दूर जाईपर्यंत आम्ही सगळे ऐकत राहिलो.

"व्हय," ते म्हणाले. "म्हणला व्हता डॉक्टर. आवाज हाय, पण आजार नाय. लग्न करा, काई करा म्हणला."

"मग?"

"मायला त्याच साली लकवा झालेला. तुझ्या वहिनीला दिवस गेलेले. मपली पाळीची नोकरी. सिल्लोडचं स्थळ तर मोडूनच गेलतं. म्हणलं, माय हाय तवर राहू दे. मग सांगू."

"माय अकरा वर्षांनी गेली."

"तवर लेकरं लहान व्हती."

"मग मोठी झाली लेकरं."

"तवा तुझं वय झालं व्हतं," दादा म्हणाले. "म्हणलं, आता सांगून उगंच जीवाला घोर. सांगायचं राहून गेलं, प्रयाग."

एखादा निरोप द्यायचा राहून जावा तसं ते म्हणाले. त्यात मुद्दाम निष्ठुरपणा नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवेना.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात थबकल्या होत्या. त्यांना हे आत्ताच कळत होतं की नाही, ते चेहऱ्यावरून समजेना. त्या म्हणाल्या, "पण वन्सं, तुमाला किती जपलं आमी. कधी एक घागर उचलू दिली नाय."

"माय पंचावन्न किलोची व्हती, वहिनी," ताई म्हणाल्या. "अकरा वर्षं तिला ह्या कुशीवरून त्या कुशीवर मी वळवत व्हते. दिवसातून आठ वेळा. ते वजन कुणी धरलं नाय."

चहा निवला. ताई मला म्हणाल्या, "चल मंगल, तुला स्टॉपपर्यंत सोडते."

वाटेत त्या एकदाच बोलल्या. "मला राग येतोय का गं? छातीत काहीतरी होतंय. हे रागाचंच आहे ना?"

मी म्हणाले, रागाचंच असेल.

"मला ओळखूच येईना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या तळमजल्यावरून निघाल्या आणि कुठंही न थांबता तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी मागून धावले. वरच्या व्हरांड्यात त्या भिंतीला टेकून धापा टाकत होत्या, चेहरा घामानं डबडबलेला, आणि उजवा हात छातीवर घट्ट. "घाबरले मी," त्या म्हणाल्या. "काही नाही हे माहीत आहे. कागद पर्समध्ये आहे. तरी घाबरले." ज्यानं छत्तीस वर्षं जिना एका दमात चढला नाही त्याला दम लागणारच. पण हे त्यांच्या हाताला कोण सांगणार? आजार कधीच नव्हता, आणि आजारी माणसाची भीती मात्र अंगात पुरती मुरली होती. ती कुठल्या ऑपरेशननं काढायची?

खड्यांचं ऑपरेशन नीट झालं. त्या वर्षीच्या सहलीला त्या लेणीपर्यंत आल्या. मी बरोबर चालत होते. चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो. आतला उजेड फार मंद होता. मुली पुढं सरकत राहिल्या, ताई एका भिंतीसमोर उभ्या राहिल्या, रखवालदारानं दोनदा पुढं चला म्हणेपर्यंत. बाहेर उन्हात आल्यावर मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील, कमळाबद्दल, बोटांबद्दल. त्यांनी वळून आम्ही चढून आलेल्या वाटेकडं पाहिलं.

"पायऱ्या फार नाहीत," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

तिथंच, सिल्लोडच्या अलीकडं, मी त्यांना पर्यवेक्षिकेच्या जागेचं सांगितलं. मुख्याध्यापिकांनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले ते सगळं. मला वाटत होतं, सांगितलं की आपलं ओझं उतरेल. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मॅडमनीच सांगितलं होतं तेव्हा. मला तर बरं वाटलं होतं. म्हटलं, मंगल आपली किती काळजी करते."

त्यानंतर त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. फक्त जिन्यावर माझ्यासाठी थांबेनाशा झाल्या.

महिनाभरात त्यांनी दादांचं घर सोडलं आणि शाळेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, मुद्दाम वरच्या मजल्यावर. भांडण झालं नाही. निवृत्त होईपर्यंतची दोन वर्षं त्या तिथंच राहिल्या. त्या काळात एकदा भगवानदादा शाळेत मला भेटायला आले. व्हरांड्यात उभे राहून टोपी हातात फिरवत होते.

"मॅडम, तुमी सांगून बघा तिला. आमचं ऐकत नाय. एकटी राहती, वरच्या मजल्यावर. रातीबेराती काई झालं म्हणजे? तिला हार्ट…"

ते मधेच थांबले. मला त्या माणसाचा राग होता, पण त्या क्षणी कळलं की ते नाटक करत नव्हते. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता.

ताईंची आणि माझी शेवटची भेट त्यांच्या भाचीच्या लग्नात झाली. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. नाशिकच्या पलीकडं एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवायला जाणार असं कानावर होतं. भाची स्वतः खोलीवर जाऊन पाया पडून आली होती, म्हणून त्या आल्या. बीड बायपासचं मंगल कार्यालय, दुपारचा मुहूर्त, पंखे असून नसल्यासारखे. अक्षता पडल्या. नवरदेवाकडच्या चार बायकांना घेऊन वहिनी ओळखी करून देत आमच्याकडं आल्या.

"ह्या आमच्या वन्सं. शाळेत बाई व्हत्या. ह्यांना हार्ट आहे ना, म्हणून लग्न नाही केलं. पण आम्ही काही कमी पडू दिलं नाही."

वहिनी अगदी सहज म्हणाल्या, जेवणात काय काय आहे ते सांगावं तसं. खरं सांगणं तरी त्या मांडवात कुणाला परवडणार होतं?

"नाही," ताई म्हणाल्या. "मला काही नाही."

त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या आणि बँड वाजत होता. बायकांनी चेहरे हळवे केले. त्यांतली एक वयस्क बाई माझ्या डाव्या बाजूला ताटकळत उभी होती, तिच्या गुडघ्यांना बांधलेले पट्टे साडीतून उठून दिसत होते. तेव्हा तिच्याकडं माझं लक्ष गेलंच नाही. मी वळले, भिंतीशी लावलेल्या खुर्च्यांतली एक ओढली आणि ताईंच्या मागं ठेवली.

"बसा ना ताई. किती वेळ उभ्या आहात."

इको झाला तेव्हा मी शेजारी होते. दादा 'व्हय' म्हणाले तेव्हा मी समोर होते. दादा-वहिनी सोडले तर सगळं माहीत असलेली एकटी मीच होते त्या मांडवात. आणि खुर्ची मीच ओढली.

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. तो तोवर त्यांना ओळखू यायला लागला असेल, पण माझ्यासाठी त्यांनी तो काढला नाही. मग त्यांनी ती लोखंडी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, पट्टे बांधलेल्या बाईंजवळ नेऊन ठेवली, आणि दंडाला धरून त्यांना बसवलं. पदर खोचला आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

रांग लांब होती, कार्यालयाच्या दारातून बाहेर उन्हात गेलेली. कुणीतरी त्यांना ओळखून पुढं बोलावत होतं. त्यांनी मान हलवली. मी बघत होते तोवर त्या रांगेच्या शेवटी, दाराबाहेर, उन्हात उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागं आणखी माणसं येऊन उभी राहत होती.